टेस्टर पेटतो, पण मिक्सर फिरत नाही: सॉकेट बदलल्यावर हरवलेला न्यूट्रल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही घोळ असेल तर लगेच सांगता येईल. ओट्यावरच्या बोर्डात सहा अँपियरची दोन सॉकेट आहेत. एकाला फ्रिज, दुसऱ्याला मिक्सर. दोघांची बटणं वेगळी, त्याच प्लेटवर ट्यूबचं बटण आणि एक लाल इंडिकेटर. मिक्सरच्या सॉकेटचं डावं भोक काळं पडून प्लास्टिक वितळलं होतं, म्हणून तुम्ही एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पाडून तेवढं सॉकेट स्वतः बदललंत. तेव्हापासून मिक्सर बंद, आणि ज्याला हातही लावला नव्हता तो फ्रिजही बंद. इंडिकेटर गेला. ट्यूब मात्र लागते. सॉकेटच्या मागे ‘एल’ लिहिलेल्या स्क्रूवर टेस्टर पेटतो, आणि मिक्सर लावून बटण दाबलं की ‘एन’ लिहिलेल्या स्क्रूवरही पेटतो. दुकानदाराने सॉकेट बदलून दिलं, तरी तेच. शेजारी म्हणतात, दोन्हीकडे फेज (करंट आणणारी वायर) आलाय म्हणजे शॉर्ट आहे, भिंत फोडावी लागेल. मित्र म्हणतो, काळी काढून तिथे हिरवी, म्हणजे अर्थची, लाव, चालू होईल. तुम्ही विचारताय की दोन्ही सॉकेट खराब निघाली की खरंच शॉर्ट आहे.

दोन्ही नाही. तुमच्या सॉकेटला न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी काळी वायर, मिळत नाहीये. बोर्ड मी बघितलेला नाही, त्यामुळे न्यूट्रल नेमका कुठे तुटलाय ते इथून सांगता येणार नाही. पण गेलाय तो न्यूट्रलच, एवढं तुम्ही दिलेल्या माहितीवरून बऱ्यापैकी खात्रीने म्हणतो. भिंत फोडायची घाई करू नका. हिरवी वायर लावून बघितली असेल तर पुढचं वाचायच्या आधी मेन पाडा आणि ती काढा. का, ते खाली येतंच.

सगळा गोंधळ टेस्टरने केलाय. त्या साध्या टेस्टरमध्ये एक छोटा निऑन दिवा असतो आणि त्याच्या जोडीला मेगओहमच्या घरातला मोठा रेझिस्टर. टोक फेजला लागलं आणि वरच्या टोपीला तुमचं बोट, की एक मिलीअँपियरच्याही आतला करंट तुमच्या अंगातून जमिनीत जातो आणि दिवा पेटतो. म्हणजे टेस्टरच्या परतीच्या वाटेचं काम तुम्हीच करत असता. टेस्टर पेटला याचा अर्थ फेज इथवर आलाय, एवढाच. न्यूट्रल आहे की नाही, याबद्दल तो काही बोलत नाही. ७५० वॅटच्या मिक्सरला मात्र सव्वातीन अँपियर लागतात, आणि तेवढा करंट फेजमधून येऊन न्यूट्रलमधून परत जावा लागतो. परतीची वाट बंद असेल तर मोटर जागची हलत नाही.

आता ‘एन’वर टेस्टर का पेटतो ते बघा. मिक्सर लावून बटण दाबलंत की फेज मिक्सरच्या कॉइलमधून फिरून पिनच्या दुसऱ्या पायापर्यंत येतो. एरवी तिथून तो न्यूट्रलला मिळतो आणि टेस्टर विझलेला राहतो. न्यूट्रल तुटलेला असेल तर तोच फेज ‘एन’च्या स्क्रूवर येऊन थांबतो. मिक्सर आणि फ्रिज दोघांच्याही पिना काढा, तिथला टेस्टर विझेल; इंडिकेटरमधून येणाऱ्या करंटने मंद मिणमिणला तर तो धरू नका. वायर वायरला चिकटल्यामुळे फेज तिकडे गेला असता तर पिना काढल्यावरही टेस्टर तसाच लख्ख पेटत राहिला असता. आणि खरा फेज-न्यूट्रल शॉर्ट असता तर एमसीबी वर केल्याक्षणी खाली आला असता. तुमचा एमसीबी निवांत वर आहे. शेजाऱ्यांचं निदान इथेच बाद होतं.

एक मात्र ध्यानात ठेवा. काळी वायर म्हणजे शॉक बसणार नाही, हा हिशेब तुमच्या बोर्डात आत्ता लागू नाही. उपकरण लावून बटण चालू असेल तर तीच काळी वायर फेजइतकीच जिवंत आहे.

बाकीचे धागेही जुळतात. ट्यूब लागते, कारण बोर्डावर तिचं फक्त बटण आहे. तिचा न्यूट्रल बऱ्याचदा वरच्या वरच, छताजवळच्या जंक्शन बॉक्समधून जातो. इंडिकेटरला फेज आणि न्यूट्रल दोन्ही बोर्डातच लागतात, म्हणून तो गेला. फ्रिजचं सॉकेट त्याच न्यूट्रलवर आहे, म्हणून तेही गेलं. जे जे बोर्डातल्या न्यूट्रलवर होतं ते सगळं एकदम बंद पडलं, आणि जे त्यावर नव्हतं ते चालू राहिलं. घरात इन्व्हर्टर असेल तर ट्यूबचा पुरावा थोडा कच्चा धरा, कारण ती इन्व्हर्टरच्या वेगळ्या फेजवर असू शकते. पण फेज आहे हे टेस्टरने आधीच सांगितलंय, त्यामुळे निष्कर्ष बदलत नाही.

मग हात न लावता फ्रिजचं सॉकेट कसं गेलं? आपल्याकडच्या बोर्डांत न्यूट्रल प्रत्येक सॉकेटला वेगळा येत नाही. पाइपातून एक काळी वायर बोर्डात येते, पहिल्या सॉकेटच्या ‘एन’ला लागते, तिथूनच एक तुकडा दुसऱ्या सॉकेटला जातो, आणखी एक इंडिकेटरला. याला लूप मारणं म्हणतात. म्हणजे जुन्या सॉकेटच्या एका स्क्रूखाली बहुधा तीन काळ्या वायरी एकत्र पिळलेल्या होत्या. ते सॉकेट फक्त मिक्सरचं नव्हतं, फ्रिज आणि इंडिकेटरचा न्यूट्रलही त्याच स्क्रूवर टेकलेला होता. सॉकेट सोडवलंत तेव्हा तो पीळ सुटला.

जोडताना पुढे काय झालं असेल याच्या काही शक्यता आहेत, आणि माझ्या कामात त्या साधारण याच क्रमाने सापडतात. सगळ्यात जास्त वेळा, तीनपैकी एक वायर नव्या सॉकेटच्या भोकात गेलेलीच नसते. नव्या मॉड्युलर सॉकेटचं टर्मिनल लहान असतं, तीन तारांचा जाड पीळ आत जात नाही, मग माणूस दोन बसवतो आणि तिसरी ‘ही जास्तीची दिसते’ म्हणून टेप मारून मागे सारतो. तीच नेमकी पाइपातून आलेली, म्हणजे मुख्य असते. दुसरी शक्यता, वायर आत गेलीय पण स्क्रू तांब्यावर न बसता प्लास्टिकच्या आवरणावर बसलाय. ओढून बघितलं तर घट्ट, पण करंट शून्य. तिसरी, टर्मिनलच्या आत स्क्रूबरोबर वरखाली होणारी पट्टी असते. वायर तिच्या चुकीच्या बाजूला गेली की स्क्रू आवळला जातो, वायर मात्र दाबली जात नाही.

चौथी शक्यता दिसत नाही म्हणून फसवी. जळलेल्या सॉकेटमधून निघालेली वायर टोकापासून इंच-दोन इंच भाजलेली असते. आवरण कडक होतं, आतलं तांबं काळपट आणि ठिसूळ. नवं सॉकेट बसवताना ती वाकवली की आतल्या तारा कट्कन तुटतात आणि बाहेरचं आवरण मात्र अखंड दिसतं. अशी वायर चिमटीत धरून हळूच वाकवली तर एका जागी नुसत्या रबरासारखी लिबलिबीत लागते. तिथे तांबं संपलं असं समजा.

तुमच्या वर्णनात मला सगळ्यात बोलका वाटलेला तपशील तुम्ही सहज लिहून गेलात: काळं पडलेलं भोक डावं होतं. अर्थचं मोठं भोक वर धरून सॉकेटकडे समोरून पाहिलं तर उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, ही आपल्याकडची पद्धत. मागून बघताना डावं-उजवं उलटतं, म्हणून जोडणी करताना बाजू आठवत बसू नका, एल, एन, ई ही अक्षरं बघा. म्हणजे जळत होती ती न्यूट्रलचीच बाजू, आणि तिथेच तीन वायरी एका स्क्रूखाली होत्या. सैल सांध्याचं गणित सोपं आहे. समजा तिथे अर्धा ओहम अडथळा तयार झाला आणि त्यातून २००० वॅटच्या इंडक्शनचा ८.७ अँपियर करंट गेला, तर त्या एका ठिपक्यात सुमारे ३८ वॅट उष्णता होते. सोल्डरिंग आयर्न साधारण २५ ते ३५ वॅटचं असतं. प्लास्टिक वितळणारच. एमसीबीला यातलं काही कळत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो, फक्त एका जागी तो उष्णता करत असतो.

इंडक्शनचं नाव मी मुद्दाम घेतलं. गॅस संपला की सोळा अँपियरच्या पिनची शेगडी कन्व्हर्जन (मोठी पिन लहान सॉकेटला लावायचा जोड) लावून याच सॉकेटवर वापरता, असं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय. सॉकेट जळण्याचं मूळ तिथे आहे. त्याकडे येतो, आधी हिरव्या वायरचं.

मित्राचा सल्ला लागू पडेल, आणि म्हणूनच तो घातक आहे. अर्थ चांगला असेल तर न्यूट्रलच्या जागी हिरवी लावल्यावर मिक्सर खरंच फिरेल. पण आता मिक्सर आणि फ्रिजचा परतीचा करंट अर्थच्या वायरमधून जातोय, आणि त्याच वायरला घरातल्या गीझरपासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळ्यांची धातूची बॉडी जोडलेली आहे. ती हिरवी वायर पुढे कुठे सैल झाली किंवा तुटली की आत्ता ‘एन’च्या स्क्रूवर जो फेज दिसतोय तोच फ्रिजच्या दरवाजावर येईल. ओल्या हाताने दार उघडणाऱ्या माणसाला तो लागेल. घरात आरसीसीबी (करंट बाहेर गळला की लाइट तोडणारा स्विच) असेल तर तो लगेच पडेल, कारण फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत येत नाहीये हे त्याला दिसतं. ३० मिलीअँपियरच्या फरकावर पडायचं हेच त्याचं काम. मग दुसरा कोणीतरी म्हणतो, तो आरसीसीबीच काढून टाका. अशी रांग लागलेली घरं बघितली आहेत, म्हणून इतकं सांगतोय.

आता तपासायचं कसं. हातात सवय असेल तरच पुढचं स्वतः करा. नसेल तर वायरमनला बोलावून त्याला ‘न्यूट्रल बघा’ एवढं सांगितलंत तरी काम लवकर होतं.

एकट्या एमसीबीवर विसंबू नका. साधा सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, आणि एका बोर्डात दोन वेगळ्या एमसीबीचे फेज आलेले असणं आपल्याकडे नवीन नाही. घराचा मेन पाडा. इन्व्हर्टर असेल तर त्याचंही बटण बंद करा, कारण मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो इमानदारीने तुमच्या बोर्डात करंट सोडतो. मिक्सर आणि फ्रिजच्या पिना काढा. टेस्टर आधी दुसऱ्या चालू जागी पेटतो ना बघून घ्यायचा, मग मेन पाडून इथे लावायचा. आता प्लेट पुढे ओढा आणि काहीही सोडवायच्या आधी मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढा. पहिल्यांदा सॉकेट सोडवताना हा फोटो असता तर प्रश्न विचारायची वेळच आली नसती, पण आता पुढचं बघू.

प्रत्येक काळी वायर एकेक करून ओढून बघा. हिसका नको, नुसता ताण द्या. सुटी निघाली, टेपखाली दडलेली सापडली, किंवा आवरणावर स्क्रू बसलेला दिसला, तर चोर तिथेच मिळाला. बहुतेक वेळा इथेच मिळतो. रंगावर मात्र आंधळा विश्वास नको. नियमाने लाल, पिवळा, निळा फेजला, काळा न्यूट्रलला, हिरवा अर्थला. प्रत्यक्षात काम चालू असताना लाल गुंडाळी संपली की हातात येईल त्या रंगाचा तुकडा वापरलेला असतो. बटणातून सॉकेटला येणारा फेज, ज्याला हाफ म्हणतात, तो काळ्या वायरचा असलेला मी कित्येकदा बघितलाय. म्हणून ‘सगळ्या काळ्या एकत्र बांधून टाकू’ हा शहाणपणा करू नका. त्यातली एक हाफ निघाली तर बटण दाबताच फेज आणि न्यूट्रल समोरासमोर येतील.

सगळ्या काळ्या व्यवस्थित लागलेल्या दिसल्या तरी न्यूट्रल नाही, असंही होऊ शकतं. मग पाइपातून आलेली मुख्य काळी कोणती आणि तिच्यात खरंच न्यूट्रल आहे का, ते बघावं लागतं. मी त्यासाठी होल्डरमध्ये साधा तारेचा बल्ब लावून त्याला दोन वायरी काढलेला टेस्ट लॅम्प वापरतो. मेन बंद असताना सगळ्या काळ्या वेगळ्या करायच्या, प्रत्येकीचं टोक वेगळ्या कनेक्टरमध्ये झाकायचं, मग मेन चालू करून लॅम्पची एक वायर बटणाला येणाऱ्या फेजवर आणि दुसरी एकेका काळीवर. जिच्यावर बल्ब भरभक्कम पेटेल ती मुख्य. हे चालू करंटवरचं काम आहे, त्यामुळे ज्याने आधी केलेलं नाही त्याने पहिला प्रयोग ओट्याशेजारी, ओल्या सिंकजवळ करू नये.

एलईडी बल्ब या कामाला चालत नाही, तो नुसत्या चोरट्या करंटवरही मिणमिणतो. मल्टिमीटरही दोन ठिकाणी फसवतो. कुठेच न जोडलेली वायर पाइपात फेजच्या शेजारून आली असेल तर तिच्यावर तो चाळीस-पन्नास, कधी त्याहून जास्त व्होल्ट दाखवतो, पण त्यात दम काही नसतो. उलट, एकाच तारेवर लोंबकळणाऱ्या न्यूट्रलवर तो छान २३० दाखवतो, आणि मिक्सर लावला की ते कोसळतं. बल्बसारखा खराखुरा लोड लावल्याशिवाय न्यूट्रलचं खरं-खोटं होत नाही.

एकाही काळीवर बल्ब पेटला नाही तर दोष बोर्डाच्या बाहेर आहे. तरी भिंत फोडण्याच्या आधी दोन जागा बघायच्या. एक, पाइप बोर्डाच्या डब्यात शिरतो ते तोंड; भाजलेली वायर ओढताना तिथेच वाकते आणि तुटते. दोन, आधीचा बोर्ड. पुष्कळ फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचा न्यूट्रल हॉलच्या किंवा पॅसेजच्या बोर्डातून लूप करून आणलेला असतो, आणि सैल स्क्रू त्या बोर्डात निघतो. अगदी पाइपातच तुटला असेल तर जुनी वायर धरून नवी ओढता येते किंवा पाइपात स्टीलची तार सरकवून नवी आणता येते. पाइप चेपलेला किंवा सिमेंटने बुजलेला असेल तरच छिन्नी लागते.

इमारत किती जुनी, हे तुम्ही लिहिलं नाहीत, आणि इथे बरंच त्यावर अवलंबून आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातली असेल आणि वायरिंग बदललेलं नसेल तर आत अ‍ॅल्युमिनियमची वायर असू शकते. खरवडल्यावर चकाकी तांबूस न दिसता चंदेरी दिसली तर थांबा. जुन्या तांब्यावर कधी कधी कथिलाचा मुलामा असतो, तोही वरून चंदेरीच दिसतो, म्हणून टोक कापून कापलेली बाजू बघा. अ‍ॅल्युमिनियम दुसऱ्या-तिसऱ्यांदा वाकवलं की तुटतं, तांब्याबरोबर नुसता पीळ मारला तर काही दिवसांत तो सांधा तापायला लागतो, आणि एक सॉकेट दुरुस्त करताना शेजारचं बंद पडतं. तिथे एकेक पॉइंट ठीक करत बसण्यापेक्षा स्वयंपाकघरापुरती तरी नवीन तांब्याची वायर ओढून घेणं स्वस्त पडतं. तुम्ही भाडेकरू असाल तर हे घरमालकाच्या कानावर घालायचं काम आहे.

सोप्या बाजूकडे परत येतो: मुख्य काळी सापडली, वायर तांब्याची आहे, दोष बोर्डातच आहे. मग भाजलेला भाग निर्दयपणे कापून टाका, चकचकीत तांबं दिसेपर्यंत. काळं पडलेलं तांबं ब्लेडने खरवडून पुन्हा वापरणं म्हणजे तेच सॉकेट पुन्हा जाळणं. वायर आखूड पडली तर कनेक्टरने तुकडा जोडा, ताणून बसवू नका. तीन काळ्या पुन्हा एका स्क्रूखाली कोंबू नका. तिन्हींना एका चांगल्या कनेक्टरमध्ये एकत्र करा, हल्ली लिव्हरचे मिळतात ते उत्तम, आणि त्यातून या सॉकेटपुरता एकच तुकडा ‘एन’ला आणा. पुढच्या वेळी कोणी हे सॉकेट काढलं तरी फ्रिज बंद पडणार नाही. वायर साधारण एक सेंटीमीटर सोला, तारांना पीळ द्या, बारीक वायर असेल तर टोक दुमडून दुप्पट करा म्हणजे स्क्रूला पकडायला काही मिळतं. आवळल्यावर एकदा ताण देऊन बघा. प्लेट मागे ढकलताना वायरींची घडी घालून ढकला. डबा लोखंडी असेल तर सोललेलं टोक त्याला टेकणार नाही हे बघा.

हे शेवटचं टेकणं वेगळ्याच तक्रारीचं कारण होतं. न्यूट्रल डब्याला, म्हणजे अर्थला, लागला तर सगळं चालतं, पण आरसीसीबी पडत राहतो, आणि तो एमसीबी बंद असतानाही पडू शकतो कारण न्यूट्रल तर जोडलेलाच असतो. असं झालं तर नवं सॉकेट पुन्हा दुकानात नेऊ नका, आधी डबा उघडा.

सॉकेटच खराब निघण्याची शक्यता मी शेवटी ठेवलीय, कारण ती खरंच शेवटची आहे. खात्री करायची असेल तर सॉकेट हातात घ्या, कुठलीही वायर न जोडलेला सुटा थ्री पिन टॉप त्यात पूर्ण बसवा, आणि मल्टिमीटर आवाजावर ठेवून टॉपच्या आतला स्क्रू आणि सॉकेटच्या मागचा स्क्रू तपासा. तिन्ही वाजले तर सॉकेट निर्दोष. मीटरची टोकं थेट भोकात घालून बघू नका. नव्या सॉकेटांत लहान मुलांसाठी आतून पडदा असतो, पिना नीट आत गेल्याशिवाय तो उघडत नाही, आणि टोक त्या प्लास्टिकवर टेकून ‘सॉकेट मेलंय’ असा भास होतो.

काम झाल्यावर बल्ब लावून फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही बघायचा मोह होईल. फेज-अर्थमध्ये बल्ब नको. १०० वॅटचा बल्ब साधारण ४३५ मिलीअँपियर घेतो, आरसीसीबी लगेच पडेल. तिथे मल्टिमीटर पुरे: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ अगदी थोडे व्होल्ट. फेज-अर्थ बरंच कमी निघालं तर हिरवी वायर पुढे कुठे जोडलेलीच नाही असं धरा. फ्रिजसाठी ती आधी ठीक करून घ्या.

राहिलं इंडक्शन. पुष्कळजण सांगतील, सहाचं काढून तिथेच सोळाचं सॉकेट बसवा. सॉकेट बसेल, पण मागची वायर तीच राहील. सहा अँपियरच्या पॉइंटला सहसा दीड चौरस मिलिमीटरची वायर असते, जुन्या घरांत एकचीही, आणि तिच्यावर लूपमध्ये फ्रिज, मिक्सर आणि कदाचित पुढची खोलीही असते. मोठं सॉकेट दिसलं की माणूस उद्या त्यावर ओव्हनही लावतो. शेगडीसाठी डीबीपासून (घरातले सगळे एमसीबी असतात तो डबा) अडीच चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन, तिचा स्वतःचा १६ अँपियरचा एमसीबी, आणि मध्ये कुठेही लूप नाही, असं करून घ्या. हे काम परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं, आणि तो आलेलाच असेल तेव्हा डीबीतल्या न्यूट्रलच्या पट्टीवरचे स्क्रूही आवळून घ्यायला सांगा. फेजच्या बाजूला सगळे बघतात, त्या पट्टीकडे कोणी बघत नाही.

बोर्ड दुरुस्त होईपर्यंत फ्रिज बंद ठेवायची गरज नाही. दुसऱ्या खोलीतल्या चांगल्या सॉकेटवरून तीन वायरींचं, अर्थ असलेलं, जाड एक्स्टेंशन आणा आणि त्यावर फक्त फ्रिज लावा. ते सतरंजीखालून नेऊ नका. तासाभराने पिन काढून तिच्या पायांना हात लावून बघा. कोमट असतील तर चालेल, चटका बसला तर ते सॉकेटही सैल आहे, फ्रिज तिसरीकडे हलवा.